सेवापुस्तकातील नाव आणि बोलण्यातील क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार.

बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे महिला पोलीस शिपाई असलेल्या ललिता साळवे यांनी २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. रजेचा हा अर्ज मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कारण पोलीस भरतीत स्त्री आणि पुरुष उमेदवारांचे शारीरिक निकष वेगळे असतात आणि स्त्री म्हणून भरती झालेली व्यक्ती पुरुष म्हणून सेवेत कशी राहणार, हा पेच खात्यापुढे उभा राहिला. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे त्याच खात्यात पुन्हा रुजू झाले. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात सहसा पुरुषांत असणारे वाय गुणसूत्र आढळले होते, त्यामुळे त्यांची कहाणी ही प्रत्येक पारलिंगी व्यक्तीची, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळे लिंग मनाने आपले मानणाऱ्या व्यक्तीची, कहाणी नव्हे. कार्यालयातला पेच मात्र तोच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांना मान्यता दिली. पुढे २०१९ च्या कायद्याने नोकरी, भरती आणि बढतीत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि आस्थापनांनी तक्रार अधिकारी नेमावा असे सांगितले. २०२४ मध्ये हैदराबाद येथील भारतीय महसूल सेवेतील एका अधिकाऱ्याचे नाव आणि लिंग अर्थ मंत्रालयाने सरकारी नोंदींमध्ये बदलले. म्हणजे सेवापुस्तक बदलता येते.

बोलणे बदलायला अधिक वेळ लागतो, आणि मराठीत तर फारच. आपल्या भाषेत स्वतःविषयीचे साधे वाक्यही लिंग सांगून टाकते. पुरुष म्हणून नोंद झालेली, पण मनाने स्त्री असलेली कर्मचारी रोज सकाळी हजेरीपत्रकावर सही करताना ‘मी आलो’ म्हणते, आणि दिवसभर प्रत्येक वाक्यात हाच मुखवटा सांभाळते. एखाद्या सकाळी तिच्या तोंडून ‘मी आले’ निघाले, तर त्या एका मात्रेने सगळ्या कचेरीला बातमी कळते. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यातून सहकाऱ्यांचीही सुटका नाही. ‘तुम्ही आलात’ हे अहोजाहो मात्र बहुधा दोघांनाही चालते, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते फार उपयोगी पडते.

आपली ही ओळख कोणाला, केव्हा आणि किती सांगायची, हे त्या व्यक्तीनेच ठरवावे असे मला वाटते. आस्थापना विभागाने तिला न विचारता परिपत्रक काढणे, मग ते कितीही सद्हेतूने असो, योग्य नव्हे. स्वच्छतागृह कोणते वापरायचे आणि नवे ओळखपत्र केव्हा मिळणार, या गोष्टी वरिष्ठांनी आधीच ठरवून ठेवाव्यात. शस्त्रक्रियेविषयीची चौकशी चहाच्या टेबलावर होऊ नये. जुने नाव किंवा चुकीचे क्रियापद तोंडून निघालेच, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून हातातले काम पुढे न्यावे. लांबलचक दिलगिरी व्यक्त करत बसले, की चुकणाऱ्याचीच समजूत काढायची वेळ तिच्यावर येते.