डोळ्यांपुढे निकाल नको, काम आणा

नमस्कार. मार्च महिना चालू आहे, त्यामुळे विषय ठरवायला मला फार वेळ लागला नाही. बँकेतली, पतपेढीतली, शाळेतली बरीच मंडळी समोर दिसतायत. तुमच्याकडे वर्षअखेर, घरात कुणाची दहावी-बारावी, त्यात थोरामोठ्यांची दुखणीखुपणी. समुपदेशनासाठी येणारी माणसं या दिवसांत एकच वाक्य बोलतात, "मॅडम, काही सुचेनासं झालंय."

पण खरंच काही सुचत नसतं का? रात्री दोनला जाग येते. मेडिक्लेमचे कागद राहिलेत हे आठवतं. लगेच क्लेम नामंजूर झालेला दिसतो, मग कर्ज काढलेलं दिसतं, मग मुलीची फी थकलेली आणि नातेवाईक काय बोलतायत तेही ऐकू येतं. प्रत्यक्षात कागद कपाटात आहेत आणि मुदत अजून संपलेली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणजे त्या घटकेला आपली कल्पनाशक्ती आटलेली नसते, ती भरधाव सुटलेली असते, फक्त आपल्याच विरोधात. मला आज एवढंच सांगायचंय की हीच शक्ती आपल्या बाजूने कामाला लावता येते. मात्र तिला काय दाखवायचं, ते नीट निवडावं लागतं.

आधी गांगरून का जायला होतं ते पाहू. एका वेळी मनासमोर धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. आता तुमच्या डोक्यात आत्ता काय काय चाललंय ते मोजा. गॅसचा नंबर लावायचाय, ऑडिटची फाइल, सासऱ्यांची बीपीची गोळी संपलीय, मुलाचं हॉल तिकीट, शनिवारचं लग्न, आहेर. चारची जागा केव्हाच भरली. तुमची कुवत कमी पडली असं यात काही नाही. कुणाचंही डोकं इथे असंच अडेल.

म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. रात्री झोपण्याआधी उद्याची कामं लिहून काढा. अमेरिकेत बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी हे तपासून पाहिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५७ तरुण होते. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, काहींनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. त्यातही ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं, ते आणखी लवकर झोपले. हा बारकाईचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. 'मेडिक्लेमचं बघायचं' असं लिहिलं तर मन सुटत नाही, कारण बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यालाही माहीत नसतं.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगी बारावीला, सासूबाई अंथरुणावर, शिवाय स्वतःची नोकरी. त्या बोलायला लागल्या की प्रत्येक वाक्य दुसऱ्या काळजीत शिरायचं. मी त्यांना जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दिलं आणि म्हटलं, डोक्यात आहे ते सगळं उतरवा, क्रम लावू नका. पान भरलं. त्यातलं 'मेडिक्लेम' आम्ही निवडलं. म्हटलं, आता डोळे मिटा. उद्या सकाळचे अकरा वाजलेत, तुम्ही कुठे आहात? "कपाटापाशी." हातात काय आहे? "हिरवी फाइल... त्यात बिलं आहेत, डिस्चार्ज कार्ड आहे." मग? "झेरॉक्स काढायला खाली जाते." जा. आणि त्या थांबल्या. "मॅडम, एक्स-रेचा रिपोर्ट फाइलमध्ये नाहीये. तो दिरांकडे आहे, तेच घेऊन गेले होते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला."

पाहा, तीन आठवडे त्या क्लेमची काळजी करत होत्या, पण रिपोर्ट कुठे आहे हे काळजी करताना आठवलं नव्हतं. तीच सकाळ पायरीपायरीने डोळ्यांसमोर आणली, तेव्हा अडलेली जागा सापडली. त्यांनी तिथूनच दिरांना फोन लावला. मग आम्ही आणखी एक ओळ लिहिली, 'संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आला नाही, तर ऑफिसातून सुटल्यावर मीच घेऊन येईन.' जर असं झालं तर मी तसं करीन, अशा ठरावावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं संशोधन केलं. नुसता निश्चय करण्यापेक्षा असा ठराव जास्त पाळला जातो. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत तर असं दिसलं, की अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली तरी ते काम मनात सारखं डोकावणं थांबतं. काम झालेलं नसतं, तरीही!

आता दुसऱ्या टोकाकडे येते. "यश डोळ्यांसमोर आणा, ते तुमच्याकडे चालत येईल" असा उपदेश हल्ली मोबाइलवर रोज मिळतो. मला हा उपदेश घातक वाटतो. शेली टेलर आणि लिएन फाम यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. परीक्षा काही दिवसांवर आलेली. एका गटाने रोज थोडा वेळ चांगले मार्क मिळाल्याचं चित्र मनात रंगवायचं. दुसऱ्याने आपण अभ्यासाला बसलोय, पुस्तक उघडलंय, असं चित्र आणायचं. अभ्यासाचं चित्र पाहणाऱ्यांनी जास्त तास अभ्यास केला, त्यांची धास्ती कमी झाली आणि मार्कही वाढले. मार्कांची स्वप्नं पाहणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. गॅब्रिएले ओएटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यातही सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा कमी घटलं. मनातल्या मनात मांडे खाल्ले, की मनाला पोट भरल्यासारखं होतं आणि चूल पेटवायची राहून जाते.

म्हणून पालकांना कळकळीने सांगते, मुलाला पेढ्यांचा बॉक्स आणि गुणपत्रिका दाखवू नका. संध्याकाळी सात वाजता तो टेबलाशी बसलाय, बीजगणिताचं प्रकरण उघडलंय, दुसरंच गणित अडलंय आणि तेव्हा तो काय करतोय, हे त्याच्याकडून वदवून घ्या. अडलेलं गणित त्या चित्रात हवंच.

नवं काही शिकतानाही हे उपयोगी पडतं. आल्व्हारो पास्क्युअल-लिओने यांच्या १९९५ च्या प्रयोगात पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक छोटा धडा दिला. एक गट पाच दिवस रोज दोन तास वाजवत होता. दुसरा पियानोपुढे बसून फक्त मनात वाजवत होता, बोट न हलवता. मेंदूचा बोटं हलवणारा भाग दोन्ही गटांत सारखाच बदललेला दिसला. वाजवण्यात मनातला गट मागे होता, पण प्रत्यक्ष सरावाची एकच दोन तासांची बैठक मिळाल्यावर त्याने जवळजवळ बरोबरी गाठली. इथे गाणं शिकणारे असतील त्यांना हे नवं वाटणार नाही, एसटीत बसून ताना घोळवायची सवय त्यांना असतेच. चाळिशीनंतर स्कूटर शिकणारीला, पहिल्यांदा सभेत बोलणाऱ्याला, साहेबांकडे बदली मागायला जाणाऱ्याला हेच करता येईल. मात्र तिथेही हाताची एक बैठक लागलीच, हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. कधीकधी ओझंच अन्यायाचं असतं. त्या ताईंचं भरलेलं पान मी त्यांना घरी सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं. एका बाईच्या डोक्यावर एवढं आहे, हे घरातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंच्या औषधांची जबाबदारी त्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्यांनी घेतली. तिथे मनाच्या व्यायामाचं काम नव्हतं, वाटणीचं होतं. आणि झोप, भूक, कशातलंही मन, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलं असेल, तर कागद-पेन बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

(श्रोत्यांमधून एका काकांचा प्रश्न: डोळे मिटल्यावर मला काहीच दिसत नाही, नुसता अंधार. मग मी काय करू?)

काका, चांगलं झालं विचारलंत. अशी अनेक माणसं असतात. ॲडम झीमन या मेंदूतज्ज्ञांनी २०१५ साली या स्थितीला अफॅन्टेशिया हे नाव दिलं. तो आजार नाही. तुम्ही डोळे मिटूच नका. उद्याचं काम बायकोला किंवा नातवाला मोठ्याने सांगा. "मी नऊला निघणार, पासबुक खिशात, आधी टोकन घेणार..." आणि त्यांना मध्ये एकच प्रश्न विचारायला सांगा, "आणि तिथे गर्दी असली तर?"