पुढचं काय, ते आत्ताच विचारू

(दृश्य : जालना जिल्हा. मोसंबीची बाग, झाडाखाली क्रेट भरणं चाललंय.)

भौगोलिक मानांकन मिळालेली ही जालन्याची मोसंबी. बागेचे मालक साठी ओलांडलेले. बाग त्यांची, पण रस त्यांना घोटभरही चालत नाही. किडनी निकामी झाली की रक्तातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते साठत जातं. मोसंबी, केळी, शहाळं, सगळ्यात तेच भरपूर. फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पाणीही मोजूनच प्यायचं, आणि तेही मराठवाड्यातल्या मे महिन्यात.

आधी मधुमेह, मग रक्तदाब, मग रक्तात चढत गेलेलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याची खूण. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त गाळून घेणं, दर खेपेला साधारण चार तास. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघतो. गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज मात्र घरचाच.

(दृश्य : डायलिसिस सेंटर. मशीन, हातातली फिस्टुला (सुया टोचण्यासाठी जोडून केलेली रक्तवाहिनी), मागे पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट.)

एका वेळच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. हे त्याच भागात, जिथे एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणजे पाण्याची तजवीज होते, योजनेच्या कार्डाची होते, डायलिसिसच्या पाळीची होते. एक गोष्ट तेवढी कुणी काढत नाही. उद्या शरीराला डायलिसिस झेपेनासं झालं तर? शुद्ध हरपली तर? तेव्हा बोलायचं कुणी?

आज हे ठरतं ते बहुधा रात्री, अतिदक्षता विभागाच्या दाराशी. 'व्हेंटिलेटर लावायचा का? इथे सही करा.' मुलगा चाकणच्या कंपनीत. बीडकडचं घर असेल तर दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर. फोनवर फोन. भावकी जमते, ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. आणि वर्षानुवर्षं पथ्याचा डबा करणारी, रात्री सुजलेले पाय दाबणारी बायको भिंतीला टेकून उभी असते. तिला कुणी विचारत नाही. रुग्णाला विचारायची वेळ तर केव्हाच टळून गेलेली असते.

घरात विषय काढला की, 'असं अभद्र बोलू नये.' पण त्याच घरात जमिनीची वाटणी वडील हयात असतानाच होते आणि त्याला कुणी अभद्र म्हणत नाही. डॉक्टरही टाळतात, हेही सांगायला हवं. ओपीडीत शंभर माणसं दारात उभी असताना असं बोलणं जमत नाही, हे खरं. पण डायलिसिसच्या खुर्चीत माणूस चार तास बसलेला असतो. सिस्टरला, टेक्निशियनला तो घरच्यांसारखा ओळखतो. बोलायला याहून बरी जागा कुठली?

(दृश्य : सिस्टर स्टूल ओढून काकांजवळ बसतात.)

'काका, तुम्हाला सगळ्यात जास्त भ्या कशाचं वाटतं?'

'मरनाचं न्हाई वो. नळ्या लावून, हात बांधून पडायचं भ्या वाटतं. घरी न्या म्हनलं तर कुनी नेणार न्हाई, त्येचं.'

एवढ्या एका उत्तरातून डॉक्टरांना जे कळतं, ते दहा रिपोर्टांतून कळत नाही.

वैद्यकीय बाजू नीट समजून घ्यायला हवी. डायलिसिस हा उपचार आहे, सक्ती नव्हे. खूप वय, थकलेलं हृदय आणि इतर आजार असतील, तर डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच असं नाही. अशा वेळी डायलिसिसविना, औषधांवर आणि लक्षणं आवरण्यावर भर देणारी काळजीही घेता येते. मन ठरत नसेल तर काही महिने डायलिसिस करून पाहायचं आणि मग पुन्हा बसून बोलायचं, असंही ठरवता येतं. चालू असलेलं डायलिसिस थांबवायचा हक्क शुद्धीवरच्या रुग्णाला आहे. थांबवल्यावर बहुतेकांच्या हाती काही दिवस ते एक-दोन आठवडे असतात. लघवी थोडीफार होत असेल तर अधिक.

थांबवणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. दम लागणं, अंगाची खाज, मळमळ, वेदना, या सगळ्यावर औषधं आहेत. फक्त किडनीच्या रुग्णात मॉर्फिन अंगात साठतं, म्हणून जाणकार डॉक्टर फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडतात. त्रास आवरणाऱ्या या काळजीलाच परिहारक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) म्हणतात. तिची गरज शेवटच्या आठवड्यातच पडते हा गैरसमज आहे. ती डायलिसिसच्या जोडीनेही घेता येते.

मग कागद. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शेवटच्या उपचारांबद्दलची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याला मान्यता दिली. तेव्हाच्या नियमात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ते फार किचकट होतं. २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. लिहिणारा सज्ञान आणि मनाने स्वस्थ हवा. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घालायची, एकाहून अधिकही चालतात. मत बदललं तर कागद कधीही बदलता येतो. हा कागद लागू होतो तो आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि रुग्ण स्वतः सांगू शकत नसेल तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर. तोवर रुग्णाचा शब्दच चालतो.

आमच्या मते कागदाची घाई नको. न बोलता केलेली सही आणि अतिदक्षता विभागाच्या दारातली सही, दोन्ही सारख्याच.

(दृश्य : काकांचं घर. ओसरीवर चौघं-पाचजण.)

काकांनी बोलायला सुरुवात केली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे घरी असताना. आपल्या वतीने बोलायला त्यांनी पहिलं नाव लेकीचं सांगितलं. ती जवळच्याच गावात दिलेली. चुलत्यांनी लगेच विचारलं, 'दिलेली लेक? अन् पोरगा असताना?' कायद्यात लेक-लेकाचा भेद नाही. पण काकांनी कायदा काढलाच नाही.

'डायलिसिसला दर खेपंला तीच संगं येती. मला काय सोसंल, काय न्हाई, तिला ठावं हाय. पोरगा चांगलाच हाय माजा, पर त्यो लांब.'

मुलाने मान डोलावली. दुसरं नाव त्याचं लिहायचं ठरलं. काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, 'मला कुनी इचारलं तर मी बी त्येच सांगीन. दवाखान्यात न्हाई, हितंच.'

कागदाची एक प्रत सेंटरच्या फाइलीत, एक लेकीकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची आहे. नोटरी तालुक्याला भेटतो. सोमवारी डायलिसिसला जातानाच तिथे थांबायचं ठरलंय. काकांच्या थोरल्या भावाला अजून सांगायचं राहिलंय. तो दसऱ्याला येणार आहे, आणि तो चिडेल, असं काकू म्हणतात.