इंजिन बदललं, आता पंप आणि फॅनचं वायरिंग: पंप बंद कसा होणार, ते आधी ठरवा

(जिप्सीचं बॉनेट उघडं. बॅटरीचा मायनस काढून बाजूला ठेवलेला.)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातून, एमआयडीसीतल्या शेडमधून बोलतोय. मागं दिसतेय ती जिप्सी मूळची कार्ब्युरेटरची. आता तिच्यात मारुती एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं, बसलंय. माउंटिंग झालं, गिअरबॉक्स जुळला, रेडिएटर बसला. अशा वेळी गाडीमालकाला एकच घाई असते, सेल्फ कधी मारायचा. आणि त्या घाईत दोन वायरी इग्निशनवरून ओढून पंप आणि फॅन चालू केले जातात. गाडी चालूही होते. पण ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची नसते. का, ते सांगतो.

जुन्या इंजिनाचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला, कॅमशाफ्टच्या फिरण्यावर चालणारा. दाब जेमतेम पाव बारच्या आसपास. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद. फॅनही पट्ट्यावरचा, इंजिन फिरतंय तोवर फॅन फिरणारच. कुणी वायर ओढायची गरज नव्हती. एस्टीमचं इंजिन मूळ आडवं बसणारं, त्याला पट्ट्यावरचा फॅन नसतोच. इंजेक्टरला सुमारे 3 बार दाब लागतो, तो इलेक्ट्रिक पंप देतो. म्हणजे जी दोन कामं इंजिन स्वतः सांभाळत होतं, ती आता आपल्या वायरिंगच्या गळ्यात आलीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पंपाची वायर ओढण्याआधी विचारा, हा बंद कसा होणार? फॅनची ओढण्याआधी विचारा, हा चालू झालाच नाही तर काय? दोघांचा स्वभाव उलटा आहे. पंप शंका आली की थांबला पाहिजे. फॅन शंका आली की फिरला पाहिजे. एकाच स्विचवर दोघांना टाकलं, तर दोघांपैकी एक चुकीचा वागणार.

आधी पंप. कंपनीच्या वायरिंगमध्ये चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पंप दोन-तीन सेकंद चालवतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबवतो. मागच्या सीटखालून बारीक गुंऽ असा आवाज येतो, तो हाच. मग सेल्फ मारला, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतोय असा सिग्नल ईसीयूला मिळाला, की पंप परत चालू. सिग्नल गेला की पंप बंद. आता विचार करा, खंबाटकी घाटात गाडी पलटी झाली, पेट्रोलची नळी तुटली, इंजिन बंद पडलं, पण चावी ऑनच आहे. पंप थेट इग्निशनवर असेल तर तो त्या तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहणार, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर. आत बसलेल्या माणसाला चावीपर्यंत हात नेता येईलच असं नाही. माझ्याकडं अशा वायरिंगची गाडी आली, की मी आधी तो पंप रिलेवर, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर घेतो, मग बाकीच्या तक्रारी ऐकतो.

(रिले कॅमेऱ्याजवळ. पिनांचे आकडे दिसू देत.)

हा रिले बघा, खाली आकडे कोरलेत. 30 वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. 87 वरून वायर थेट पंपाला. 86 वर इग्निशनचा प्लस. आणि 85 ही पिन ईसीयूच्या पंप कंट्रोलच्या वायरीला. या इंजिनाचा ईसीयू तिला मायनस देतो, कॉइल ओढली जाते, पंप चालतो. कॉइल खाते 0.2 अँपिअरपेक्षाही कमी, म्हणून ईसीयूला त्रास नाही. पंपाचे सहा-सात अँपिअर त्याच्या अंगावर घातले तर तो आतून जळेल. रिलेच्या आत डायोड असेल तर 85 आणि 86 उलटे लावू नका, प्लस 86 वरच. भंगार बाजारातून इंजिन आणताना ईसीयू आणि अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोबत घ्या, कापलेलं हार्नेस स्वस्त मिळालं तरी नको. पंपाची वायर कुठली, हे रंगावरून अंदाजानं ठरवू नका. त्या ईसीयूचा डायग्राम समोर ठेवा आणि मल्टिमीटर लावा. बल्बचा टेस्टर ईसीयूच्या वायरींना अजिबात लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो.

याच्या जोडीला इनर्शिया स्विच. जोराचा धक्का बसला की हा उघडतो आणि पंपाचा प्लस तुटतो. वरचं बटण दाबलं की परत जोडला जातो. गाडीच्या पक्क्या पत्र्यावर उभा बसवायचा, हात पोचेल असा.

आता वायरीची जाडी, कारण इथं पैसे वाचवायचा मोह होतो. बॅटरीपासून टाकीपर्यंत चार मीटर धरा, अर्थिंगचा परतीचा रस्ताही वायरीनं ओढला तर आठ मीटर. 1 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली आणि पंपानं 6 अँपिअर घेतले, तर त्या वायरीतच साधारण 0.8 व्होल्ट खर्च होतो. तीच 2.5 ची टाकली तर 0.3 च्या आसपास. पंपाला व्होल्टेज कमी मिळालं की दाब कमी, चढावर गाडी दमते, आणि मग लोक इंजेक्टर साफ करत बसतात. घराच्या वायरिंगची वायर नको, तिचं पीव्हीसी बॉनेटमधल्या उष्णतेला टिकत नाही. गाडीचीच बारीक तारांची वायर घ्या. पंपाला फ्यूज 15 अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज पंपाला नाही, वायरीला वाचवतो. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा फ्यूजच्या संरक्षणाबाहेरच राहतो, म्हणून तो जितका छोटा तितका बरा.

पेट्रोलच्या नळीबद्दल एक वाक्य: कार्ब्युरेटरची रबरी नळी 3 बारला ठेवायची नाही, इंजेक्शनसाठीचीच नळी आणि तिचीच क्लिप. बाहेरचा पंप असेल तर तो टाकीपेक्षा खाली, कारण हे पंप ढकलतात चांगलं, ओढत नाहीत.

फॅनकडं येतो. सुरू असताना 12-15 अँपिअर, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून वेगळा रिले, वेगळा 30 अँपिअरचा फ्यूज, 4 स्क्वेअर एमएमची वायर. पंपाच्या फ्यूजवरून फॅन घ्यायचा नाही, तसं केलं तर फॅन जाम झाला की गाडीच बंद पडेल.

चालू कशावर करायचा? ईसीयूला फॅनचं आउटपुट असेल तर तेच वापरा. नसेल तर रेडिएटरमध्ये थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप जोडला जाणारा स्विच. आकडा निवडताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, किती अंशाचा आहे ते आधी बघा. थर्मोस्टॅट 88 ला उघडायला लागतो आणि फॅन 85 ला चालू होतो, अशी जोडी बसवली तर फॅन थांबतच नाही. 95 च्या आसपास चालू, 90 ला बंद, असं असू द्या. शिवाय डॅशबोर्डवर एक स्विच, जो थर्मोस्विच गेला तर फॅन हातानं चालू करेल. तो स्विच फक्त चालू करणारा हवा. फॅन बंद करणारा स्विच बसवू नका.

याची गरज हायवेवर भासत नाही, तिथं वारा काम करतो. गरज भासते कारखान्याच्या हंगामात. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, रस्ता अरुंद, आपण पहिल्या गिअरमध्ये. किंवा यवतेश्वरच्या चढाला, मेमध्ये, रविवारच्या कासच्या गर्दीत. तिथं वारा नाही, आणि इंजिन पूर्ण ताकद लावतंय.

(कागद दाखवा.)

फॅन कुठल्या दिशेनं हवा ढकलतोय, हे हात लावून ठरवू नका. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला एक कागद धरा. फॅन इंजिनच्या बाजूला बसलाय, म्हणजे तो हवा आत ओढणारा पाहिजे, कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून आला तर दोन वायरी उलट जोडल्यात. फिरताना सरळ आणि उलटा फॅन सारखेच दिसतात, आणि उलटा फॅन वेगात येणाऱ्या वाऱ्याला अडवतो. अशी गाडी उभी असताना बरी राहते आणि पळताना तापते, मग बिचारा माणूस वॉटर पंप बदलतो.

रिलेचा डबा बसवताना पिना खाली. कासच्या बाजूचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको.

अर्थिंग. इंजिन बदलताना इंजिन ते बॉडी ही जाड पट्टी विसरली जाते. मग सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो, केबल तापते, कधी चिकटून बसते. पट्टी लावा, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दात्यांचा वॉशर घाला, वरून ग्रीस.

आता तपासणी. मल्टिमीटर 2 व्होल्टच्या रेंजवर, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला, पंप चालू. 0.3 च्या आत हवं. मायनसकडून 0.2 च्या आत. मग इंजिन चालू असताना, इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचा सॉकेट काढा: इंजिन बंद पडलं पाहिजे, आणि कान देऊन ऐका, पंपही थांबला पाहिजे. पंप चालूच राहिला तर गाडी शेडबाहेर काढायची नाही. ही चाचणी झाल्याशिवाय मी चावी मालकाच्या हातात देत नाही. आणि पेट्रोलच्या लाइनला हात घालण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, दाब उतरतो. शेजारी पावडरचा अग्निशामक.

कागदपत्रांचं राहिलं. इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. हे काम बसवण्याआधी सुरू करा, नंतर नाही.

पहिले पाचशे किलोमीटर झाले की बॉनेट उघडा, फॅन चालू असताना दोन्ही रिलेंच्या सॉकेटला आणि फ्यूज होल्डरला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर आतला थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा, ढिला आहे, तो परत क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा, टेप गुंडाळून सोडू नका.