वेस्ट इंडीज हा देश नाही! मग तिथले टॉपर नक्की कुणाचे?

(मागे भिंतीवर कॅरिबियनचा नकाशा. थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी! दरवर्षी आपल्याकडे दिवाळीची गडबड असते ना, साधारण तेव्हाच कॅरिबियन बेटांवर पदवीदान समारंभ सुरू होतात. त्याचे व्हिडिओ फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात आणि माझ्या कमेंटमध्ये तेच दोन प्रश्न येऊन पडतात. ताई, हे कुठलं विद्यापीठ? आणि ताई, इथून शिकून कुणी मोठं झालंय का?

झालंय की. भरपूर जण झालेत.

आधी प्राथमिक माहिती उरकून टाकते. युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज, तिथली पोरं नुसतं 'यूवी' म्हणतात. १९४८ साली जमैकात, किंग्स्टनजवळ मोना इथे सुरू झालं. पहिली तुकडी ३३ जणांची, सगळे मेडिकलचे. सुरुवातीला पदवी लंडन विद्यापीठाची मिळायची, १९६२ पासून स्वतःची. पुढे त्रिनिदादला सेंट ऑगस्टिन, बार्बाडोसला केव्ह हिल, आणि २०१९ मध्ये अँटिग्वाला फाइव्ह आयलंड्स असे कॅम्पस झाले. मोनाची जागा म्हणजे जुने उसाचे मळे. गुलामांच्या काळातले पाण्याचे दगडी पाट आजही कॅम्पसवर उभे आहेत आणि मुलं त्याच्या बाजूने लेक्चरला जातात. बस, झालं.

आता मुद्द्याचं. मागच्या व्हिडिओत मी डेरेक वॉलकॉटचं नाव घेतलं. सेंट लुशियाचा कवी, १९५३ ला मोनाहून पदवी, १९९२ ला साहित्याचं नोबेल. अठराव्या वर्षी आईकडून दोनशे डॉलर उसने घेऊन स्वतःचा पहिला कवितासंग्रह छापला आणि मित्रांना प्रती विकून पैसे वसूल केले. आई शाळेत शिक्षिका, विचार करा, तिने ते पैसे कसे उभे केले असतील. आणि ह्यावर पहिली कमेंट काय आली? "वॉलकॉट म्हणजे तो विकेटकीपर ना?" अहो नाही! तो क्लाइड. तो बार्बाडोसचा. दुसरी कमेंट, "वेस्ट इंडीजने नोबेल जिंकलं."

(थांबून, कपाळाला हात.)

वेस्ट इंडीज हा देश नाही, कॅरिबियन भागातल्या अनेक छोट्या देशांचं मिळून ते नाव आहे. वेस्ट इंडीज नावाचा पासपोर्ट नसतो, राष्ट्रगीत नसतं, ऑलिम्पिकमध्ये वेस्ट इंडीजचा झेंडा नसतो. क्रिकेट आहे आणि हे विद्यापीठ आहे. आपण लहानपणापासून मामा-काकांच्या तोंडून "वेस्ट इंडीजचे बॉलर" ऐकत मोठे झालो, म्हणून डोक्यात एक देश तयार झालाय. माझे मामा अजूनही फास्ट बॉलर मायकल होल्डिंगला "वेस्ट इंडीजचा माणूस" म्हणतात. तो जमैकाचा.

बरं, देश करायचा प्रयत्न झाला होता. १९५८ मध्ये दहा ब्रिटिश वसाहतींचं फेडरेशन, म्हणजे संघराज्य, बनलं. १९६१ ला जमैकाने सार्वमत घेतलं आणि बाहेर पडायचं ठरवलं. त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की उरतं शून्य, आणि त्रिनिदादही बाहेर पडलं. १९६२ मध्ये फेडरेशन संपलं. विद्यापीठ मात्र कुणी मोडलं नाही.

आता हीच गोष्ट पोरांच्या बाजूने बघा. सगळे कोर्स सगळीकडे नव्हते. मेडिकल मोनाला, इंजिनिअरिंग त्रिनिदादला, कायदा बार्बाडोसला. जमैकाच्या पोराला इंजिनिअर व्हायचं असेल तर चल त्रिनिदादला. किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन सरळ रेषेत १,८०० किलोमीटरहून जास्त. मुंबईहून कोलकाताही एवढं लांब नाही! कमला प्रसाद-बिसेसर तुम्हाला बातम्यांतून माहीत असतील, पूर्वज बिहारचे, त्रिनिदादच्या पहिल्या महिला पंतप्रधान. २०१० ला झाल्या, २०२५ ला परत झाल्या. त्रिनिदादची मुलगी, बीए केलं जमैकात, कायद्याची पदवी घेतली बार्बाडोसला, मग वकिलीचं पुढचं शिक्षण परत त्रिनिदादला. दोन देशांत दोन पदव्या, विद्यापीठ एकच. म्हणून तिथला टॉपर "आमच्या बेटाचा" असतोच, पण त्याचे वर्गमित्र पाच-सहा देशांत कुठे ना कुठे मोठ्या खुर्चीवर बसलेले असतात. हे आपल्याकडे कुठल्याच विद्यापीठाबाबत होत नाही.

तरीही कुणीतरी लिहिणार, "ताई, व्यवहारात एकच देश झाला की मग!" नाही हो. वॉल्टर रॉडनी ऐका. मुलगा गयानाचा. स्कॉलरशिपवर मोनाला आला, १९६३ ला इतिहासात फर्स्ट क्लास ऑनर्स. चोविसाव्या वर्षी लंडनहून डॉक्टरेट. परत मोनालाच शिकवायला आला आणि वर्गात शिकवून झालं की किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जाऊन, रास्ताफारी लोकांमध्ये (आफ्रिकेला मायभूमी मानणारा जमैकातला पंथ) बसून आफ्रिकेचा इतिहास सांगायचा. सरकारला ते झोंबलं. ऑक्टोबर १९६८ मध्ये तो कॅनडातल्या परिषदेहून परतला, तर त्याला विमानातून उतरूच दिलं नाही. कारण विद्यापीठ त्याचं होतं, देश त्याचा नव्हता! दुसऱ्या दिवशी मोनाच्या मुलांनी मोर्चा काढला आणि किंग्स्टनमध्ये दंगल उसळली. पुढे युरोपने आफ्रिकेला मागास कसं ठेवलं ह्यावरचं त्याचं पुस्तक १९७२ ला आलं आणि जगभर वाचलं गेलं. १९८० मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनला, बॉम्बस्फोटात त्याचा खून झाला. पटलं आता? पासपोर्ट वेगळा म्हणजे वेगळाच.

जरा वेळ चिडू द्या मला. ह्या चॅनलवर कॅरिबियन शब्द उच्चारला की निम्म्या कमेंट "फी किती? नीटमध्ये कमी मार्क आहेत, चालेल का?" माझ्या मावशीच्या घरीसुद्धा एका एजंटचं चकचकीत माहितीपत्रक येऊन पडलं होतं, निळा समुद्र, नारळाची झाडं आणि "एमबीबीएस". लोकहो, ती खासगी मेडिकल कॉलेजं वेगळी. बाहेरच्या, मुख्यतः अमेरिकन मुलांसाठी तिथे काढलेली, सत्तरच्या दशकापासून. त्यांत बरी-वाईट दोन्ही असतील, माझं भांडण ते नाही. पण मोनाच्या डॉक्टरला त्या माहितीपत्रकावरून जोखू नका. कुपोषित मुलांवर उपचार कसे करायचे ह्याचं जगभर वापरलं गेलेलं कितीतरी ज्ञान पन्नासच्या दशकापासून मोनाच्या संशोधन केंद्रातून आलंय. आणि सगळेच गुणवंत 'यूवी'चे असतात असंही नाही. शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, जमैकाची धावपटू, लंडन ऑलिम्पिकच्या १०० मीटरचं सोनं आणि पदवी, दोन्ही २०१२ मध्ये, आणि पदवी किंग्स्टनच्याच दुसऱ्या एका विद्यापीठाची, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीची.

आता ही पोरं पुढे काय करू बघतात? १९४८ च्या आधी हुशार पोराला एकच वाट होती. अख्ख्या बेटातून वर्षाला एखाद-दुसरी स्कॉलरशिप, ती मिळवायची आणि बोटीने इंग्लंड गाठायचं. एरिक विल्यम्स तसेच ऑक्सफर्डला गेले. बाकीचे? बाकीचे क्लार्क. विद्यापीठ आलं आणि घराजवळ पदवी मिळायला लागली.

"पण ताई, ८० टक्के तर देश सोडतात ना?" हा आकडा खूप फिरतो. २००० सालच्या आसपासच्या अभ्यासांत जमैका आणि गयानाचे ८० टक्क्यांहून जास्त उच्चशिक्षित परदेशात होते, हे खरं. पण मोजलं कसं ते बघा. दोन वर्षांची असताना आईबाप जिला टोरंटोला घेऊन गेले आणि जिने पदवी तिथेच घेतली, तीसुद्धा ह्या आकड्यात आहे. मोनाहून पास झालेल्या दहांपैकी आठ जण विमानात बसले, असा त्याचा अर्थ होत नाही. नर्स जातात, शिक्षक जातात, खूप जातात, इंग्रजी येतं आणि पगार तिकडे कितीतरी जास्त. त्याचा त्रास तिथल्या हॉस्पिटलांना होतोच. फक्त आकडा फेकताना तो कशाचा आहे ते बघून फेका.

आणि जे राहतात किंवा परत येतात, त्यांचं एक उदाहरण देते. सेंट व्हिन्सेंटला ला सुफ्रिएर नावाचा ज्वालामुखी आहे. १९०२ च्या उद्रेकात सुमारे १,६०० माणसं गेली. डिसेंबर २०२० मध्ये तो पुन्हा जागा झाला. त्रिनिदादहून विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्राची माणसं तिथे जाऊन बसली, त्या तुकडीचे प्रमुख होते प्राध्यापक रिचर्ड रॉबर्टसन, सेंट व्हिन्सेंटचाच मुलगा. ८ एप्रिल २०२१ ला त्यांनी सांगितलं, लोकांना हलवा. पंतप्रधानांनी त्याच दिवशी आदेश काढला, हजारो लोक निघाले आणि ९ तारखेला सकाळी डोंगर फुटला. स्फोटात थेट एकही जीव गेला नाही.

ते पंतप्रधान म्हणजे राल्फ गोन्साल्विस. तेही मोनाचेच, अर्थशास्त्राचे. आणि १९६८ मध्ये रॉडनीसाठी मोर्चा निघाला ना, तेव्हा विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष हेच होते!

ज्वालामुखीवर सविस्तर पुढच्या रविवारी बोलू. राख बार्बाडोसपर्यंत कशी गेली, तेही दाखवते.