दोराचं प्रकरण कापू नका

(मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर ‘सागरी कादंबरी ते पटकथा’ असा विषय छापला आहे. पटकथेकडे मी येणारच आहे. त्याआधी थोडा वेळ दोराबद्दल बोलू द्या. दोर नीट समजला की अशा कादंबरीची पटकथा निम्मी लिहून झाली, असं माझं ठाम मत आहे आणि ते मांडायलाच मी आज आलो आहे.

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ इथे बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांनाही पांढरा देवमासा आणि एका पायाचा कप्तान अहाब ठाऊक असतो. 1851 सालचं पुस्तक, 135 प्रकरणं आणि वर उपसंहार. त्यातलं साठावं प्रकरण निव्वळ दोरावर आहे. देवमाशाला हार्पून मारला की त्याच्यामागे होडीतून जो दोर सुटत जातो, तो दोर. रूपांतर करायला बसलेला लेखक पहिल्याच वाचनात या प्रकरणावर काट मारतो आणि समासात लिहितो: ‘माहितीपर’. माझी तक्रार आहे ती या एका शब्दाबद्दल.

आता हा दोर जवळून बघू. जाडी किती, तर एक इंचाचा दोन-तृतीयांश भाग, म्हणजे साधारण 17 मिलिमीटर. आपल्या करंगळीपेक्षा थोडा जाड. मनिला तागाचा, 51 सुतांचा, जवळपास तीन टनांचा ताण सोसणारा. लांबी 200 फॅदमच्या वर. एक फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे हा दोर 1200 फुटांहून लांब झाला. एवढा दोर एका लाकडी टबात वेटोळी घालून बसवायचा. ते वेटोळं घालायला जवळजवळ अख्खी सकाळ जाते. काही जण दोर आधी वर डोलकाठीकडे नेतात, कप्पीतून ओवून खाली टबात सोडतात, म्हणजे येता येता त्याचा पीळ निघून जातो. एवढी मेहनत का? देवमासा पळायला लागला की दोर टबातून सुसाट सुटतो. वेटोळ्यात कुठे एक मुरड राहिली असेल, तर ती सुटताना कुणाचा तरी हात, पाय किंवा अख्खा माणूस घेऊन जाते.

ससून डॉकला किंवा वर्सोव्याला पहाटे गेलात, तर हेच काम आजही दिसेल. दोर नायलॉनचा असतो, टबाऐवजी फळीवर वेटोळं असतं, पण हाताची चाल तीच. उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर सोडताना त्याला मुरडी पडतात. नवशिक्या खलाशाला तांडेल पहिला ओरडा याच गोष्टीवरून देतो.

होडीत हा दोर कुठून कुठे जातो, ते तर आणखी महत्त्वाचं. टबातून निघून तो मागच्या अंगाला सुकाणूकडे जातो, तिथल्या खुंटाला वळसा घेतो, मग होडीच्या पूर्ण लांबीतून पुढे येतो. वाटेत प्रत्येक वल्हेकऱ्याच्या वल्ह्याच्या दांड्यावर आडवा पडत, दोन्ही कडांना आळीपाळीने बसलेल्या माणसांच्या मधून जात, शेवटी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या टोकाला खोबणीत पोचतो. तिथे तो निसटू नये म्हणून खुंटी असते ती पिसाच्या लेखणीएवढी. म्हणजे होडीतली सहाच्या सहा माणसं त्या दोराच्या वेढ्यात बसलेली असतात. आणि टबातलं खालचं टोक कशालाही बांधलेलं नसतं. त्या टोकाला दोर दोरातच गुंफून एक डोळा केलेला असतो. टोक मोकळं ठेवायची कारणं दोन: देवमासा फार खोल गेला तर शेजारच्या होडीचा दोर त्या डोळ्यात जोडता यावा, आणि दोर संपला तरी मासा होडीला घेऊन तळाशी जाऊ नये.

हा डोळा लक्षात ठेवा. मेलव्हिलने तो साठाव्या प्रकरणात दाखवला आणि मग पुढची 75 प्रकरणं आपल्याला वाट पाहायला लावली. त्र्याण्णव्या प्रकरणात पिप नावाचा पोरगा घाबरून होडीतून उडी मारतो आणि दोर त्याच्या छातीला आणि गळ्याला आवळतो. दोर तोडावा लागतो, हातचा मासा जातो, होडीतले लोक पोरावर चिडतात. 117व्या प्रकरणात फेदाल्ला, म्हणजे अहाबच्या होडीतला भाकीत करणारा माणूस, अहाबला सांगतो की तुला फक्त तागच मारू शकेल. अहाबला वाटतं, ताग म्हणजे फाशीचा दोर. समुद्रात कसली फाशी, म्हणून तो हसतो. आणि शेवटच्या, 135व्या प्रकरणात अहाब हार्पून मारतो, दोर सुटतो, अडकतो. अहाब वाकून तो सोडवतो. सोडवतोही. पण सुटलेला एक वेढा उडून त्याच्या गळ्यात पडतो आणि तो आवाज न करता होडीबाहेर फेकला जातो. बाकीच्यांना तो गेल्याचं कळायच्या आत गेलेला असतो. पुढच्या क्षणी रिकाम्या टबातून तो शेवटचा डोळा उसळून बाहेर येतो, एका वल्हेकऱ्याला आडवा करतो आणि पाण्यात नाहीसा होतो.

‘माहितीपर’ प्रकरण वाचलं नसेल, तर या मरणातून काहीच हाती लागत नाही. एक म्हातारा अचानक दिसेनासा झाला, एवढंच. वाचलं असेल, तर तो उसळलेला डोळा पाहून पोटात खड्डा पडतो, कारण तो दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला होता हे आपल्याला माहीत असतं. दोर संपला, म्हणजे मासा 1200 फूट दोर घेऊन गेला आणि त्याच्यासोबत कप्तान.

आता पडद्यावर काय झालं ते बघा. 1930च्या चित्रपटात जॉन बॅरिमोरचा अहाब देवमाशाला मारून आपल्या प्रेयसीकडे घरी परततो. त्याबद्दल अधिक बोलत नाही. 1956 साली जॉन ह्यूस्टनने केलेला चित्रपट मात्र फार मोठ्या तोलाचा आहे. पटकथा रे ब्रॅडबरी आणि ह्यूस्टन यांची, अहाब ग्रेगरी पेक. छायालेखक ऑस्वल्ड मॉरिसने रंगीत प्रतिमेत कृष्णधवल प्रतिमा मिसळून जुन्या कोरीव चित्रांसारखा फिकट रंग आणला. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डसाठी आयर्लंडमधलं यॉल हे बंदर उभं केलं. सगळं मन लावून केलेलं आहे. पण फेदाल्ला वगळला आणि त्याच्याबरोबर तागाचं भाकीतही गेलं. कादंबरीत दोरांनी माशाला जखडलेलं प्रेत असतं ते फेदाल्लाचं. चित्रपटात त्या जागी अहाब आला. तो माशाच्या अंगावर चढून भाले मारतो, दोरांत अडकतो, आणि मेल्यावर त्याचा हात लाटेबरोबर हलतो, जणू बाकीच्यांना बोलावतो. ब्रॅडबरीने याची तजवीजही केली आहे: धक्क्यावरचा एलायजा आधीच सांगतो की अहाब थडग्यातून उठून खूण करील. पटकथेचा सांधा म्हणून हे चोख आहे. दृश्य विसरता येत नाही.

तरीही मला ते पटत नाही. त्या मरणात अहाब वीर होतो. मेलव्हिलचा अहाब मरतो तो होडीवरच्या रोजच्या एका कामात, जे काम सहा माणसं दर शिकारीत करत आली आहेत. समुद्राची कादंबरी ही कामाची कादंबरी असते. तिच्यात दैव येतं ते दोर, शीड, नांगर, पाण्याचं पिंप यांच्या वाटेने. ती वाट कापली की लेखकाला दैव बाहेरून आणावं लागतं.

उलट उदाहरणही आहे. पॅट्रिक ओब्रायनच्या सागरी कादंबऱ्यांच्या मालिकेवरून पीटर वियरने 2003 साली केलेल्या चित्रपटात केप हॉर्नजवळ एक डोलकाठी मोडून समुद्रात पडते. तिच्याबरोबर पडलेला खलाशी त्या मोडतोडीकडे पोहत निघालेला असतो. पण दोरांनी जहाजाला जोडलेली ती मोडतोड मागे ओढ देत राहते आणि त्या ओढीने जहाज बुडणार असतं. कप्तान कुऱ्हाड उचलतो, आणि त्या खलाशाचा मित्रही त्याच्याबरोबर दोर तोडतो. प्रेक्षकाला त्या दोराचं काम समजलेलं असतं, म्हणून तिथे कुणाला भाषण द्यावं लागत नाही. शत्रूचं जहाज मूळ कादंबरीत अमेरिकन होतं, ते फ्रेंच केलं, साल 1812 होतं ते 1805 केलं. चाललं! राष्ट्र बदललं, काम तसंच ठेवलं.

त्या काळची जहाजं निघालीच आहेत, तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तशा धाटणीचं एक फ्रिगेट, म्हणजे शिडांचं लढाऊ जहाज, आजही तरंगतं आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. नाव ‘ट्रिंकोमाली’. ते बांधलं गेलं कुठे? इथे, मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात. पाण्यात उतरलं 1817 साली. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. 1812च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज हरवलं आणि नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेलं लाकूड! अशा जहाजावर चित्रपट करायची कल्पना या शहरात कुणालाच सुचू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे, पटकथा आणि चित्रीकरण भराभर सांगतो.

दोन तासांचा चित्रपट म्हणजे 120 पानांची पटकथा, पानाला मिनिट. दोराला मी त्यातली सहा पानं देईन, चार ठिकाणी वाटून. पहिलं, निघण्याआधीची सकाळ: दोन माणसं टब भरताहेत, संवाद नाही, एक नवखा पोरगा दोर उलटा गुंडाळतो आणि त्याच्याकडून अख्खा टब रिकामा करवून घेतात. प्रेक्षकाला नियम कळला. दुसरं, पहिली शिकार: खुंटावरून धूर निघतो, टोपीने पाणी मारतात. तिसरं पिप. चौथं अहाब. फेदाल्ला ठेवायला जागा नसेल तर तागाचं भाकीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्या, पण द्या.

नटाजवळून खरा ताणलेला दोर कधीही सोडू नका. दोर विंचने ओढायचा, दुसऱ्या टोकाला वजन नको, खुंटातला धूर आतल्या नळीतून. गळ्यात पडणारा वेढा मऊ दोराचा, आणि तो शॉट उलटा चित्रित करायचा: वेढा गळ्यातून सुटून जातो तसा घ्यायचा आणि संकलनात फिरवायचा.

छोट्या प्रतिकृतीचा मोह आवरा. पाणी लहान होत नाही. एकास सोळा मापाचं जहाज केलंत, तर त्याच्या नाळेवरचा पाच मिलिमीटरचा थेंब पडद्यावर आठ सेंटिमीटरचा दिसतो आणि जहाज खेळण्यातलं आहे हे पोरंसुद्धा ओळखतात. लाटेची गती जड दिसावी म्हणून कॅमेऱ्याचा वेग मापाच्या वर्गमूळाने वाढवायचा: एकास सोळाला चौपट, सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी. एकास चारला दुप्पट, 48. थेंबाचा प्रश्न याने सुटत नाही, म्हणून प्रतिकृती एकास चारपेक्षा लहान नको.

मोठं जहाज घ्याल तर कॅमेऱ्याला जागा ठेवा. 1962च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ चित्रपटासाठी ‘बाउंटी’ हे जुनं जहाज नव्याने बांधलं, तेव्हा मूळच्या साधारण 90 फुटांऐवजी ते 120 फुटी केलं ते याचसाठी. 2012 साली सँडी वादळात ते बुडालं.

आणि मुंबईच्या पाण्यात काम करायचं असेल तर पंचांग जवळ ठेवा. भरती ते ओहोटी सहा तासांच्या थोडं वर, आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते. सकाळी जहाजावर चढायची फळी वर जात होती आणि दुपारच्या शॉटमध्ये ती खाली जाते, असं झालं की प्रसंग तुटला. खांबावरची ओली रेघही चुगली करते. म्हणून धक्क्यावरचे प्रसंग भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास लावा. अमावास्या-पौर्णिमा टाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी आणि अनुभवी माणसं रिकामी मिळतात, पण समुद्र बाहेर पडू देत नाही. हे दोन महिने पाण्याच्या टाकीतल्या चित्रीकरणाला ठेवा. खाडीच्या तोंडाचं पाणी गढूळ असतं, निळं हवं असेल तर बरंच बाहेर जावं लागतं, आणि जाण्यायेण्याचा वेळ दिवसाच्या उजेडातून वजा करा.

ध्वनी. हे शेवटचं. अहाब जातो त्या शॉटला संगीत नको, किंकाळी नको. खुंटावर घासणाऱ्या दोराची घरघर पहिल्या शिकारीपासून प्रेक्षकाच्या कानात बसलेली असते. ती चालू ठेवा, वेढा उडाला तरी, माणूस गेला तरी. मग तो डोळा टबाच्या कडेवर आपटतो, एक ठोका, आणि घरघर थांबते. टबाच्या तळाच्या ओल्या फळ्या दाखवा, तीन सेकंद.