विंचची केबल आणि लाल मूठ

[दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली कुळागराची, म्हणजे सुपारीच्या बागेची वाट. लाल चिखलात रुतलेली जीप.]

आषाढात व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची ही वाट दोन फेऱ्यांत लोण्यासारखी होते. तिसरी गाडी ॲक्सलपर्यंत बसते. मग झाडाला पट्टा बांधायचा, विंचचा, म्हणजे बंपरवरच्या दोर गुंडाळणाऱ्या मोटरचा दोर अडकवायचा आणि गाडीने स्वतःलाच ओढून काढायचं. अशा वेळी सगळ्यांचे डोळे दोरावर असतात. आपण मात्र बॉनेटखालून बंपरकडे गेलेल्या लाल केबलकडे बघणार आहोत.

गाडीतली जवळजवळ प्रत्येक वायर फ्यूजमधून जाते, ही जात नाही. ९,५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारा १२ व्होल्टचा विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास करंट घेतो. म्हणून बहुतेक किटमध्ये फ्यूज नसतोच. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी अंगणात उभी, तरी ही केबल विंच चालू-बंद करणाऱ्या कंट्रोल बॉक्सपर्यंत चोवीस तास जिवंत. शिवाय ती जाते कुठून, तर धडक बसली की पत्रा जिथे सगळ्यात आधी चेपतो तिथून. रबर कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं की चांगली बॅटरी हजारभर अँपिअर सोडते. काही सेकंदांत केबलचं रबर पेट घेतं.

[दृश्य: बॅटरीशेजारी लाल मुठीचा कट-ऑफ स्विच.]

त्यावर उपाय हाताने वीज तोडणारा हा कट-ऑफ स्विच. तो पॉझिटिव्ह केबलवर आणि बॅटरीच्या अगदी जवळ हवा, हातभर अंतरात. बंपरपाशी बसवला तर त्याच्या मागची सगळी केबल पुन्हा जिवंतच राहते, मग बसवून काय उपयोग? मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, मूठ चाकाच्या बाजूने हाताला येईल अशी जागा बघा. दोर ताणलेला असताना गाडीच्या पुढ्यात उभं राहून हात घालायची वेळ येता कामा नये.

विकत घेताना डबीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘५०० अँपिअर’ असं ठळक लिहिलेले स्वस्त स्विच मागे बारीक अक्षरात सांगतात, की ५०० फक्त ५ सेकंद, सतत १०० च. विंचची एक ओढ मिनिटभर चालते. सतत २५० ते ३०० आणि काही मिनिटं ५०० अँपिअर झेपेल असाच स्विच घ्या.

आणखी एक घोळ. २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा गोव्यात आली. अशा स्पर्धांच्या गाड्यांवर जो किल-स्विच असतो तो इंजिनसकट सगळंच बंद करतो. आपला स्विच फक्त विंचच्या केबलवर हवा. बॅटरीच्या मुख्य लाइनवर साधा कट-ऑफ टाकलात आणि चालू इंजिनवर फिरवलात, तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आधार राहत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा बळी जाऊ शकतो.

[दृश्य: करवतीने आडवी कापलेली दोन थिंबलं, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या, अगदी जवळून.]

आता केबल. साध्या हिशेबाने, बॅटरीपासून विंच २ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर तांबं. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ४०० अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, ७० च्या केबलमध्ये ०.४. किटमधली केबल छोट्या बॉनेटला चालते. बॅटरी मागे किंवा सीटखाली असेल तर जाड केबलच घ्या. तांब्याची वेल्डिंग केबल लवचीक असते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण तेल आणि उष्णता तिला सोसेलच असं नाही. ती कंड्युटमध्ये, म्हणजे संरक्षक नळीत घाला, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं बसवा.

खरी भानगड मात्र थिंबलात. डावीकडचं हातोडीने ठोकलेलं आहे, तारांमधल्या फटी दिसतात. उजवीकडचं हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेलं, तारा एकमेकींत इतक्या बसल्यात की तांब्याचा एकच गोळा वाटतो. डावीकडच्या जोडात फक्त एक मिलिओहम अडथळा धरा. ४०० अँपिअरला तिथे १६० वॉट उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न असते २५ वॉटची! त्यात काही जण थिंबलात झाळ ओततात. ती तारांमधून वर चढते, तेवढा तुकडा ताठ होतो आणि खडबडीत रस्त्यावर केबल नेमकी त्याच्या काठाशी तुटते.

निगेटिव्ह केबल चेसिसच्या गंजक्या बोल्टला नको, सरळ बॅटरीला जाऊ दे. अपवाद एकच. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तिथे कंपनीने दिलेल्या अर्थ पॉइंटलाच जोडा, नाहीतर विंचने किती करंट ओढला याचा गाडीला पत्ताच लागत नाही.

जोडताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. मग विंचकडून सुरुवात करा, स्विच ‘बंद’वर ठेवून बॅटरीकडे या, पॉझिटिव्ह लावा आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. निगेटिव्ह लावलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉनेटच्या कडेला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो.

[दृश्य: मल्टिमीटर.]

स्विच बंद, ही केबल कंट्रोल बॉक्सच्या ज्या पॉझिटिव्ह बोल्टला येते तिथे शून्य व्होल्ट दिसायला हवेत. मग स्विच चालू, इंजिन चालू, आणि चढावर गाडी ओढत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्याच बोल्टला. अर्धा व्होल्ट किंवा कमी दाखवलं तर ठीक. मीटरच्या वायरी लांब घ्या आणि दोराच्या रेषेत उभे राहू नका. ओढ थांबली, स्विच बंद केला, की एकेक जोड हाताने चाचपा. बाकीच्यांपेक्षा जो गरम लागेल, तो पुन्हा करायचा.

आता बिघाड. बॅटरी दमली की व्होल्टेज पडतं, कंट्रोल बॉक्समधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा स्विच, कडकड वाजू लागतो आणि त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. मग रिमोटचं बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतो आणि हुक रोलरवर येऊन आदळतो. तेव्हा लाल मूठ फिरवणे हा एकच इलाज. वीज गेली तरी ड्रममधला ब्रेक भार धरून ठेवतो, गाडी मागे घसरत नाही. मात्र इतका करंट तोडताना स्विचच्या आत ठिणगी उडते, म्हणून त्यानंतर तो उघडून बघा किंवा सरळ बदला. डॅशबोर्डवरच्या बटणाने वीज तोडणारा आयसोलेटर सोयीचा खरा, पण तोही कॉन्टॅक्टरच, तोही चिकटू शकतो. हाताने फिरवायचा स्विच त्याच्या जोडीला ठेवाच.

[दृश्य: थिंबलाजवळ कापलेली केबल, आतल्या तारा काळ्या.]

ही किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाडीची केबल. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. थिंबलाच्या तोंडातून शिरलेला ओलावा रबराखालून वर चढत गेला आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. कलई केलेलं थिंबल आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक स्लीव्ह लावली तर हे टळतं. चतुर्थी झाली की स्लीव्ह तपासा. हिरवट पूड दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत जा आणि नवं थिंबल दाबा. केबल तोकडी पडली तर जोड देऊ नका, अख्खी बदला.