पंधरा बाय साडेदहाचं कार्ड

(टेबलावर कार्डाची प्रिंट. एक हात त्याला फूटपट्टी लावतोय.)

हे कार्ड बघा, युद्धात पकडलेल्या सैनिकाने घरी पाठवायचं. पंधरा सेंटीमीटर बाय साडेदहा, आपल्या पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं. १९४९च्या जिनिव्हा कराराच्या शेवटी याचा नमुना छापलेला आहे, आम्ही तोच मोजून प्रिंट काढली, कारण खरं कार्ड दाखवावं म्हटलं तर ज्यांच्या घरी ते यायला पाहिजे होतं त्यांच्याकडे ते आलेलंच नाही.

नियम साधा आहे. सैनिक पकडला गेला की छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला हे भरू द्यायचं, एक घरी जातं आणि एक जिनिव्हाला, युद्धकैद्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत. नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, हुद्दा, घरचा पत्ता. मग तब्येत, पण तिथे लिहायचं काही नाही, सगळं आधीच छापलेलं असतं. तब्येत चांगली, किरकोळ जखमी, गंभीर जखमी, आजारी, जे लागू नाही ते खोडायचं. आणि सूचना अशी की जास्तीचं काही लिहू नका. म्हणजे आईला 'जेवतोय नीट' एवढं सुद्धा या कार्डावर लिहिता येत नाही. पण ती खोडलेली रेघ त्याच्या हातची असते ना, घरच्यांना तेवढी पुरते.

पत्ता बदलला, म्हणजे दुसऱ्या छावणीत हलवलं, तर परत नवीन कार्ड. शिवाय महिन्याला कमीत कमी दोन पत्रं आणि चार कार्डं पाठवायचा हक्क. भारत आणि पाकिस्तान, दोघंही या करारात आहेत.

(जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. डायल उजळते, काटा सरकतो.)

हा सेट आम्हाला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. आवाज येत नाही, डायल मात्र लागते.

डिसेंबर १९७१. नवरा, मुलगा, भाऊ फ्रंटवर आणि घरात रेडिओ पाकिस्तान लावलेला, कारण पकडलेल्यांची नावं तिकडून येतील ही आशा. ५ तारखेला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पाकिस्तानात शोरकोटच्या बाजूला पडलं. मराठी माणूस. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, आदल्याच वर्षीचा, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळालेला, लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, एका इंग्रजी पेपरात बातमी होती की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले आहेत. जिवंत. हा शब्द शत्रूच्या पेपरात छापून आला, पण कार्ड काही आलं नाही.

आणि कार्ड, पत्र, यादी ही यंत्रणा तेव्हा बंद होती असं अजिबात नाही. आपल्याकडे पाकिस्तानचे ९३ हजार लोक कैदेत होते, जबलपूर, रांची, मेरठ अशा कितीतरी ठिकाणी छावण्या होत्या, आकाशवाणीवरून त्यांचे निरोप त्यांच्या घरच्यांसाठी वाचले जायचे. तिकडे रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते, त्यातले दिलीप परुळकर, हे पण मराठीच, दोन साथीदारांना घेऊन ऑगस्ट १९७२ मध्ये भिंत फोडून पळाले आणि पार अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचून तिथे सापडले. पण पळाले, परत सापडले, तरी ते कैदी म्हणून नोंदलेले होते, मोजले जात होते, घरच्यांना माहीत होतं माणूस आहे. नोंद असणं म्हणजे काय ते इथे कळतं.

(वाघा. लोखंडी गेट, सकाळचं ऊन.)

१ डिसेंबर १९७२. याच रस्त्याने आपले कैदी चालत परत आले, परुळकर पण त्यातच. तांबे नव्हते.

(कागदाची चिठ्ठी. ही आम्ही लिहून घेतलेली आहे.)

मेजर अशोक सुरी, आसाम रेजिमेंटची पाचवी बटालियन. घरी कळवलं होतं की युद्धात मारले गेले. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडलांच्या हातात एक चिठ्ठी पडली, मुलाच्या अक्षरात, मी इथे ठीक आहे एवढीच. ती आणणाऱ्या माणसाने सोबत लिहिलं होतं की तुमचा मुलगा पाकिस्तानात जिवंत आहे. मग १९७५ मध्ये कराचीहून दुसरं पत्र, आम्ही इथे वीस अधिकारी आहोत, सरकारशी बोला. अक्षर तपासलं गेलं, त्याचंच निघालं, आणि संरक्षण खात्याने त्याची नोंद 'मृत'वरून 'बेपत्ता' केली. एका बापाने चिठ्ठी घेऊन ऑफिसं पालथी घातली म्हणून हा एक शब्द बदलला, आणि आमचं म्हणणं हेच आहे की हे काम बापाचं नव्हतं. वडील १९९९ मध्ये गेले.

१९७९ मध्ये लोकसभेत अशा बेपत्ता जवानांची चाळीस नावांची यादी ठेवली गेली. १९८३ मध्ये काही नातेवाईकांना मुलतानच्या तुरुंगात नेलं. २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग फिरून आले, हातात काही नाही. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कोणी नाही. २०११ मध्ये गुजरात हायकोर्टाने केंद्राला सांगितलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. दमयंतीताईंनी दुसरं लग्न केलं नाही.

(मोबाईलच्या स्क्रीनवर २०१९चा व्हिडिओ, आवाज बंद.)

२७ फेब्रुवारी २०१९ला विंग कमांडर अभिनंदन पकडले गेले, काही तासांत देशाने त्यांना चहा पिताना बघितलं, १ मार्चला ते याच गेटमधून आत आले. एक कॅमेरा होता म्हणून.

(कार्ड परत. पेन कोणी उचलत नाही.)

आपल्या सरकारच्या हिशोबात बेपत्ता जवान ८३ आहेत, त्यातले ५४ युद्धकैदी. २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना नागरी कैद्यांच्या आणि पकडलेल्या मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघरकडच्या मच्छीमारांच्या घरी त्या याद्यांची वाट बघतात, आणि प्रत्येक वेळी आपलं परराष्ट्र खातं या बेपत्ता जवानांबद्दलही परत विचारतं. लष्करी तुरुंगांची रजिस्टरं उघडा, एवढीच घरच्यांची मागणी आहे. आता १ जानेवारी झाली की १ जुलै.